तीन रकाने आणि मूठभर मीठ-मोहरी

माझ्या आक्काला पोरगी कशी सांभाळायची हे शिकवणार आहेत, असं कळलं तेव्हा मी आधी भडकले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं : पालक प्रशिक्षण, बारा शनिवार. सोलापूरला, सात रस्त्याजवळच्या एका केंद्रात. मी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि आक्काला फोन केला. म्हटलं, "शाळेनं तुझ्या पोरीला आठ दिवसांत घरी बसवलं. एसटीतल्या बायका तुला सांगतात, एक ठेवून दे कानाखाली. लग्नाला बोलावताना पाहुणे म्हणतात, तिला ठेवून या. आणि प्रशिक्षण कुणाला? तुला?"

आक्का म्हणाली, "झालं तुझं? आता सांग, शनिवारी मोकळी हायस का? घरातली दोन माणसं पायजेत म्हणं. ह्यांना रानातनं सुटका न्हाय."

मी शुक्रवार पेठेत राहते. संघटनेचं काम करते आणि पत्रकं लिहिते. नळाला पाणी येत नाही त्याचं पत्रक, विडी वळणाऱ्या बायकांचं पत्रक, बंद पडलेल्या दवाखान्याचं पत्रक. एका बसणीत लिहून होतं, कारण शत्रू कोण ते आधीच ठाऊक असतं. भाचीच्या बाबतीतही मला ठाऊक होतं. शाळा शत्रू, सरकार शत्रू, समाज शत्रू. यातलं एकही मी आज मागे घेत नाही. पण ही गोष्ट माझ्या शत्रूंची नाही, आक्काची आहे.

आक्काचं सासर सोलापूरजवळच्या मंद्रूपला. घरात सासू, दाजी, आक्का आणि सात वर्षांची पोरगी. सासूला आक्का आत्ती म्हणते. आत्ती मराठीत बोलता बोलता कानडीत जातात आणि रागावल्या की कानडीतच राहतात. पोरगी स्वमग्न आहे, डॉक्टरांच्या भाषेत ऑटिझम. तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. हवं ते मिळालं नाही, किंवा नको ते समोर आलं, की ती ओरडायची, चावायची, आणि फार झालं की जमिनीवर डोकं आपटायची. एकदा आत्तींच्या दंडाला असा चावा बसला की तो महिनाभर काळानिळा होता.

तो दंड पाहूनच थोरल्या भावजींनी विषय काढला होता. भावजी म्हणजे दाजींचे मोठे भाऊ, पुण्याला कंपनीत आहेत. त्यांनी लांबच्या एका निवासी संस्थेची माहिती काढली. पोरींना ठेवून घेतात, वर्षातनं दोनदा भेटायला जायचं. भावजी वाईट माणूस नाही. त्यांनी मुदत दिली : "सुट्टीत येतो तवर बघा. फरक पडला तर ठीक. न्हाय तर फॉर्म घेऊनच येतो." म्हणजे आक्काच्या हातात साधारण तीन-साडेतीन महिने होते. बारा शनिवार त्यातच बसवायचे होते.

पहिल्या शनिवारी आम्ही दोघी केंद्रात जाऊन बसलो. पोरगी आक्काच्या मांडीवर, कानांवर हात ठेवून. शिकवणाऱ्या बाई शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या घरातल्या. फोनवर आईशी तेलुगूत भांडत होत्या. फोन ठेवला आणि आमच्याशी चोख सोलापुरी मराठीत सुरू झाल्या. मी पहिल्याच पाच मिनिटांत हात वर केला.

"मॅडम, चूक समाजाची आणि शिक्षण आईला, हा कुठला न्याय?"

बाई म्हणाल्या, "समाज शनिवारी येत न्हाई की हो. आई येते." मग कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आला तर त्यालाबी बसवू. खुर्च्या हायेत."

बाकीच्या आया हसल्या. आक्कापण हसली. मला राग आला.

मग बाईंनी वही काढायला लावली आणि पानावर तीन रकाने पाडायला सांगितले. पहिल्यात, आधी काय झालं. दुसऱ्यात, पोरीनं काय केलं. तिसऱ्यात, मग घरच्यांनी काय केलं. बस्स. "चिडली, हट्ट केला, त्रास दिला, असलं कायबी लिहायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "डोळ्याला काय दिसलं तेवढंच लिहा. पोरगी बोलत न्हाई, पण सांगत असते. काय सांगते ते वही दाखवंल."

आक्का दहावीपर्यंत शिकलेली. पुढच्या शनिवारी तिनं वही उघडली आणि मी वाचतच राहिले. 'सकाळ. भाकरीचा कड मोडला होता. ताट ढकललं. मी दुसरी दिली. जेवली.' 'दुपार. दारात फेरीवाला ओरडला. कान झाकले, मला चावली. मी आत नेलं. गप झाली.' एकही शब्द जास्तीचा नाही. माझ्या पत्रकांत एका वाक्यात चार विशेषणं असतात आणि तरी लोक त्यात शेंगा बांधतात. आक्काच्या त्या पानावर घर दिसत होतं, पोरगी दिसत होती, आणि पोरगी कशासाठी काय करते तेही दिसायला लागलं होतं. आपल्या बहिणीला लिहिता येतं हे मला तिशीला आल्यावर कळलं. तेही पिवळ्या पुठ्ठ्याच्या वहीतून.

वहीतून सोप्या गोष्टी आधी सुटल्या. कड मोडलेली भाकरी नको असेल तर तिनं ताट ढकलायच्या ऐवजी हात आडवा धरायचा. आक्कानं तिचा हात धरून शंभरदा ते करून घेतलं. हात आडवा धरला की त्या क्षणी भाकरी बदलायची, एक सेकंद उशीर नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी पोरीनं आपणहून हात धरला. आक्कानं मला फोन करून ते सांगितलं आणि रडली. मी पण रडले, पण ते तिला सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र सुटेना. दिवेलागण. रोज त्या वेळेला पोरगी ओरडायला लागायची आणि तिचं ओरडणं सगळ्या आळीला ऐकू जायचं. घरामागं पिठाची गिरणी आहे. आक्कानं रकान्यात तेच लिहिलं होतं : गिरणी सुरू झाली, ओरडली. आणि तिसऱ्या रकान्यात दर वेळी एकच ओळ. 'आत्तींनी दिष्ट काढली. गप झाली.'

दिष्ट काढणं म्हणजे काय ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको. आत्ती मुठीत मीठ-मोहरी घ्यायच्या, पोरीला न्हाणीजवळच्या पायरीवर बसवायच्या, आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची असं पुटपुटत तिच्यावरून ओवाळायच्या आणि मूठ न्हाणीच्या चुलीत टाकायच्या. मोहरी तडतडायची. पोरगी टक लावून निखाऱ्याकडं बघायची, आणि मग आत्ती तिला मांडीवर घेऊन डोक्यावरून हात फिरवायच्या. "कुणाची मेली नजर लागती माझ्या लेकराला," असं म्हणायच्या. पोरगी गप. सगळं घर गप.

पाचव्या शनिवारी बाईंनी वहीची पानं मागं-पुढं केली आणि विचारलं, "ह्या चार दिवसांत संध्याकाळचं कायच न्हाई. गिरणी बंद होती का?"

आक्का म्हणाली, "न्हाय, गिरणी चालूच होती. त्या चार दिवसांत आत्ती अक्कलकोटला लेकीकडं गेल्या होत्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आक्कानं वही आपल्याकडं ओढली, तिसऱ्या रकान्यावरून बोट फिरवत खाली आणलं आणि हळूच म्हणाली, "आगं बया. ती दिष्टीसाठी ओरडते."

खरं होतं. सुरुवातीला गिरणीला भिऊनच ओरडली असेल. पण ओरडलं की आग, तडतड, पायरी, आज्जीची मांडी, असं सगळं मिळतं हे तिला समजलं होतं. पोरगी बिनडोक आहे म्हणणाऱ्यांनी ऐकावं. तिनं सगळ्या घराला वेळेवर कामाला लावलं होतं.

मला तर उकळ्या फुटल्या. अंधश्रद्धा! पुराव्यासकट! मी तिथंच म्हटलं, "बघा! दिष्टच सगळ्याचं मूळ!"

बाईंनी माझ्याकडं बोट केलं. "तुमी घरी कुणाला कायबी बोलायचं न्हाई. दिष्ट थांबवा असं मी म्हणलेलं न्हाई. पुढच्या शनिवारी सगळे मिळून ठरवू."

मी मान डोलावली. आणि रविवारी सकाळच्या एसटीनं मंद्रूपला गेले.

आता माझी चूक सांगते, कारण ती मीच सांगायला हवी. मी लाल स्केचपेननं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'दृष्ट ही अंधश्रद्धा आहे. तिच्यामुळे मुलीचं नुकसान होत आहे. आजपासून बंद.' तो कागद मी स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीच्या वर चिकटवला. आत्तींना वाचायला येत नाही, म्हणून वाचूनही दाखवला. त्यावर दहा मिनिटं बोलले. आक्का पदराआडून मला खुणावत होती, गप की गं, गप. मी गप बसले नाही. चौकसभेत कुणी खुणावलं की मी आवाज वाढवते, तसा वाढवला.

आत्तींनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "म्हंजी माझ्यामुळं हाय तर हे. मी नातीचं वाटोळं केलं." आणि उठून बाहेर गेल्या. जाताना कानडीत काहीतरी म्हणाल्या. ते काय होतं हे आक्कानं मला आजतागायत सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी मुक्कामाला होते. गिरणी सुरू झाली. पोरगी ओरडली. आत्ती ओट्यावर पाठ करून बसून राहिल्या. पोरगी त्यांच्याजवळ गेली, पदर ओढला, पुन्हा ओरडली. आत्ती हलल्या नाहीत. मग पोरगी पायरीजवळ गेली आणि तिनं डोकं आपटायला सुरुवात केली. आक्कानं धावत जाऊन गोधडी मध्ये घातली, तरी कपाळावर टेंगूळ आलंच. किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. दाजी रानातून आले तेव्हाही चालू होतं. पोरगी शेवटी थकून झोपली, तेव्हा आत्तींनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"बघ. न्हाय काढली की असं हुतंय. आता सांग, कुणाची श्रद्धा खोटी?"

तसंच पुढं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी भावजींना फोनवर टेंगळाचं सांगितलं आणि भावजी म्हणाले, फॉर्म घेतलाय. आत्तींनी दिष्ट परत सुरू केली आणि आक्काला सांगितलं, "आता सोलापूरला जायाचं न्हाय. तितं शिकून हितं आमालाच शिकवाय लागलासा दोघी." सहावा शनिवार गेला. सातवाही गेला.

सहाव्या शनिवारी मी एकटीच केंद्रात गेले आणि बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं.

"तुमी संघटनावाल्या ना?" त्या म्हणाल्या. "कामगारांची एकच मागणी. ती मालकानं एका दिवसात बंद केली, बदल्यात कायबी दिलं न्हाई, वर पाठ फिरवून बसला. कामगार काय करतील?"

"संप," मी म्हटलं. "दगडफेकसुद्धा."

"मग पोरीनं काय वेगळं केलं?"

खरंच, ते मला तोवर सुचलं नव्हतं. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले होते की ओरडणाऱ्याला गप करू नका, तो का ओरडतो ते विचारा. आणि घरातल्या सात वर्षांच्या पोरीला मी गप करायला निघाले होते, लाल स्केचपेन घेऊन.

"मागणी चुकीची न्हाई," बाई म्हणाल्या. "मागायची रीत बदलायची हाय. आणि आज्जीबिगर ते हुणार न्हाई. जावा, आज्जीचे पाय धरा."

सातव्या शनिवारनंतरच्या सोमवारी मी मंद्रूपला गेले. माफी कशी मागायची हे एसटीत मनात जुळवत होते. पोचले तर आक्का आणि आत्ती ओट्यावर समोरासमोर बसून तूर निवडत होत्या. भिंतीवरचा माझा कागद कुणीतरी काढून टाकला होता. मी दारातच थांबले, कारण आक्का बोलत होती. आणि जे बोलत होती ते मला जन्मात सुचलं नसतं.

"आत्ती, एक विचारू का? लेकरू रडत असलं, शेंबडं असलं, तर त्याला दिष्ट लागती का?"

"रडणाऱ्याला कोण दिष्ट लावंल?" आत्ती म्हणाल्या. "कुणी कौतुक केलं की लागती. गोरं हाय, गुणाचं हाय, असं कुणी म्हणलं की लागती."

"व्हय. मला सोलापूरच्या बाई सांगत्यात, पोरीनं चांगलं केलं की तिथल्या तिथं शाब्बास म्हणा. मोठ्यांदा म्हणा. सारखं म्हणा."

आत्तींचा तुरीवरचा हात थांबला. "आगं, मग दिष्ट लागंल की!"

"तेच म्हणते मी. मग ती तवाच काढाय पायजे का न्हाय? आपण काय करतोय, ती ओरडल्यावर काढतोय. ओरडल्यावर काय काढायची? जेव्हा लागती तेव्हा सोडतोय आणि नसती तेव्हा काढतोय."

आत्तींनी सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. मग म्हणाल्या, "खरं हाय गं तुझं. आमी उलटं करत हुतो." आणि दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ये की आत. कागद आणलायस का आणि एक?"

मी म्हटलं, "नाही मावशी. चुकले मी."

"हात धू आणि तूर निवडाय बस."

हीच माझी माफी. आत्तींनी दुसरी मागितली नाही.

नंतर मी आक्काला एकटीला गाठून विचारलं, "हे कुठून सुचलं तुला? तू मानतेस दिष्ट?"

ती म्हणाली, "मी मानते का न्हाय, हे पोरीला काय करायचंय? आत्ती मानत्यात. आणि पोरीला आत्तीची मांडी पायजे." मग हसून म्हणाली, "तू भिंतीवर लिहितेस. मला ह्या घरात राहायचंय."

आठव्या शनिवारी आक्का आत्तींनाच घेऊन सोलापूरला आली. आत्ती केंद्रातल्या खुर्चीवर मांडी घालून बसल्या. बाईंनी सगळी रीत ठरवून दिली. ओरडताना दिष्ट नाही. बघायचं नाही, बोलायचं नाही, फक्त डोक्याला लागू नये म्हणून पायरीवर गोधडी अंथरून ठेवायची. पोरीनं ओरडायच्या ऐवजी मिठाची बरणी आणून दिली, की लगेच शाब्बास आणि लगेच दिष्ट. कितीही वेळा. आत्तींनी विचारलं, "धा बारी आणली तर?" बाई म्हणाल्या, "धा बारी काढा. मोहरी मी देते." आत्तींनी घरी जाऊन मिठाच्या बरणीतच मोहरी मिसळून ठेवली.

आणि त्यांनी आधीच बजावलं : पहिल्यांदा ओरडणं वाढेल. तिला वाटेल, अजून जोर लावला तर मिळेल. तेव्हा कच खाल्ली तर तिला जोर लावायचंच शिक्षण मिळेल.

वाढलंच. चौथ्या-पाचव्या संध्याकाळी तर शेजारीण दारात येऊन म्हणाली, "काय कसाई हायसा का काय!" आक्कानं तिला पाणी दिलं आणि दारातूनच परत पाठवलं. आत्ती डोळे मिटून बसायच्या आणि पदराचं टोक दातात धरायच्या. मी असले की मलाही बाहेर पाठवायच्या. म्हणायच्या, "तू तोंड उघडशील." आक्का पोरीचा हात धरून तिला बरणीपर्यंत न्यायची, बरणी उचलायला लावायची, आत्तींच्या पुढं ठेवायला लावायची. आधी आक्काच्या हातानं, मग आक्काच्या एका बोटानं, मग नुसतं आक्कानं बरणीकडं बघितलं की. वहीत रोज लिहिलेलं आहे. एका दिवशी दुसऱ्या रकान्यात एवढंच आहे : 'बरणी आणली. मी बघत नव्हते.' त्याखाली आक्कानं दोन रेघा ओढल्यात. बारा शनिवारांच्या वहीत तेवढाच जोर आहे.

भावजी अकराव्या शनिवारनंतर आले. मीही गेले होते, भांडायच्या तयारीनं. आक्कानं मला दारातच सांगितलं, "काय बी झालं तरी बोलायचं न्हाय. बोललीस तर परत येऊ नको." मी पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिले.

भावजींनी फॉर्म खिशातून काढून आत्तींच्या पुढ्यात ठेवला. "आई, मी काय तिचा वैरी हाय का? तुझा दंड बघवत न्हाय मला. उद्या तुझ्या सुनेला काय झालं, तर?"

तेवढ्यात गिरणी सुरू झाली.

पोरगी बाहेर आली. कान झाकले. पायरीकडं गेली. आणि पायरीवर भावजी बसले होते. तिच्या जागेवर. तिनं त्यांचा गुडघा ढकलला. त्यांनी विचारलं, "काय पायजे गं?" ती घशातून गुणगुणायला लागली. त्या आवाजानंतर काय येतं हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. मग ती ओरडली. आळीत ऐकू जाईल असं ओरडली. आक्का हातात कणीक तशीच धरून उभी होती. तिचं तोंड एकदम लहान दिसत होतं.

भावजी घाबरून उठले. "आई, आगं पोर ओरडाय लागली! दिष्ट काढ की!"

हातात निवासी संस्थेचा फॉर्म घेऊन आलेला माणूस दिष्ट काढायला सांगत होता. मला हसू फुटलं असतं. पण मी जीभ चावली.

आत्ती तुरीचं सूप हलवत म्हणाल्या, "ओरडताना काढत न्हाय आमी."

"म्हंजी?"

"गप बस. पायरीवरनं ऊठ, जागा तिची हाय."

पोरगी अजून एकदा ओरडली. आधीपेक्षा लहान. आत्तींकडं बघितलं, आक्काकडं बघितलं. कुणीच हललं नाही. मग ती आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला. आणि ती दोन्ही हातांनी मिठाची बरणी पोटाशी धरून बाहेर आली. बरणी आत्तींच्या पुढ्यात ठेवली, बरोबर त्या फॉर्मवर. आणि म्हणाली, "तड."

ती बोलली. आयुष्यातला पहिला शब्द. बाईंनी तो शिकवायला सांगितला नव्हता, आमच्या कुणाच्या मनातही नव्हता. मोहरीचा आवाज होता तो, निखाऱ्यावरचा.

आक्का जागेवर बसली. कणकेच्या हातानंच तोंड झाकलं. आत्ती मात्र एक क्षणही चुकल्या नाहीत. बाईंनी शिकवलं होतं, लगेच म्हणजे लगेच. "शाब्बास! शाब्बास माझ्या वाघिणी! मागून घेतलंस!" असं सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या आणि मूठ भरली. पोरगी पायरीवर बसली. मोहरी तडतडली. ती मांडीवर गेली, आणि परत म्हणाली, "तड." आत्तींनी परत मूठ भरली. पाचदा झालं तरी कुणी थांबवलं नाही.

भावजी भिंतीला टेकून उभे होते. शेवटी म्हणाले, "हे हिला कुणी शिकवलं?"

मला वाटलं आक्का काहीतरी म्हणेल. पण आत्ती म्हणाल्या, "तिला कुणी काय शिकवलं न्हाय. आमी शिकलो. तूबी बस हितं, लांबनं आलायस. तुझीबी काढते."

आणि पन्नाशीचा तो माणूस गुमान पायरीच्या कडेला बसला. पोरीनं त्याच्याकडं बघितलं नाही, पण त्याला ढकललंही नाही.

फॉर्म भावजींनी परत मागितला नाही. तो अजून तिथंच आहे, मिठाच्या बरणीखाली. खालून ओल लागत नाही त्यामुळं.

पोरगी बरी झाली का, असं लोक विचारतात तेव्हा माझा पारा चढतो. ती आजारी कुठं होती? अजून एसटीचा हॉर्न वाजला की ती ओरडते. अजून भाकरीचा कड बघते. शब्द आठ-नऊ आले आहेत. शाळेत तिला परत घ्यायचा अर्ज मी लिहिला, आणि तो लिहिताना कायद्याची कलमं कुठं कशी घालायची हे मला बरोबर माहीत होतं. ते माझं काम, आणि ते मी चोख केलं. शाळेनं घेतलं. पण वर्गाच्या बाईंना तीन रकान्यांची वही आक्कानं नेऊन दिली आणि शेजारी बसून शिकवली. ते मला आलं नसतं.

बाराव्या शनिवारी केंद्रात छोटासा समारंभ होता. बाईंनी आक्काला नव्या आयांपुढं उभं केलं आणि म्हणाल्या, माझ्याकडं आलेल्यांत वही कशी लिहावी तर हिच्यासारखी. आक्का लाजून खाली बघत होती. कागदाचं प्रशस्तिपत्रक दोन्ही हातांत. टाळ्या वाजल्या. मी तर उभी राहून वाजवल्या. पोरगी माझ्या कडेवर होती. तिनं कान झाकले, पण ओरडली नाही.

आत्ती माझ्या शेजारी अस्वस्थ होऊन चुळबुळत होत्या. मी विचारलं, "काय झालं मावशी?"

"एवढ्या जणींनी सुनेचं कौतुक केलं माझ्या," त्या म्हणाल्या. "घरी गेलं की आधी तिची काढाय पायजे. तू येतीस का?"

मी गेले. दिवेलागणीला आक्काला पायरीवर बसवलं. पोरगी आपणहून शेजारी जाऊन बसली. आत्तींनी हात पुढं केला, आणि मिठाची बरणी मी आणून दिली.